सौ. प्रलंबित

परवाना कार्यालयातल्या चार नंबरच्या खिडकीत एक माणूस अडतीस वर्षं बसला, आणि त्या अडतीस वर्षांत त्याने कोणाचंही काम पहिल्या खेपेला केलं नाही. याचा त्याला अभिमान होता. आता अभिमान कशाचा बाळगावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कोणी बागेचा बाळगतो, कोणी पोराबाळांचा. याने परत पाठवलेल्या माणसांचा बाळगला.

लोक त्याला मूळप्रत म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ‘साहेब’ म्हणत, कारण काम त्याच्याकडे असायचं. खिडकीशी कोणी आलं की याचा पहिला प्रश्न, ‘मूळ प्रत कुठाय?’ मूळ प्रत दाखवली की झेरॉक्स मागायचा. झेरॉक्स दिली की ती साक्षांकित आहे का बघायचा. साक्षांकित निघाली तर शिक्का पुसट आहे म्हणायचा. आणि शिक्काही ठसठशीत निघाला तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचा, कारण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झालेली असायची. खिडकीच्या काचेला तळाशी वीतभर फट होती आणि ती इतकी खाली होती की समोरच्याला कमरेत वाकल्याशिवाय बोलताच येऊ नये. ती वर करून घ्या, असं दोन वरिष्ठांनी सांगून पाहिलं. याने फाइल केली आणि ती फाइल स्वतःच्याच टेबलावर ठेवून घेतली.

एकदा एक सुतार आला होता. त्याला दुकानाचा परवाना नवा करून हवा होता. जुन्या अर्जावर अंगठ्याचा ठसा होता, आणि मधल्या काळात करवतीने त्या अंगठ्याचं टोक नेलं होतं. ठसा जुळेना. सुताराने अंगठा फटीतून आत घालून दाखवला. मूळप्रतने तो नीट पाहिला, अगदी चष्मा लावून पाहिला, आणि म्हणाला, “हा अंगठा तुमचाच आहे याचं प्रतिज्ञापत्र आणा.” सुतार म्हणाला, “साहेब, माझ्या हातालाच आहे की तो.” यावर मूळप्रत म्हणाला, “ते मला दिसतंय. पण कागदावर दिसत नाही.” सुताराला परवाना मिळायला सात महिने लागले. तोवर दुकानाला सील. ही गोष्ट मूळप्रत घरी जेवताना हसत हसत सांगायचा, आणि त्याची बायको खाली मान घालून वाढत राहायची.

बायकोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मूळप्रतने कधी कोणाला सांगितलं नाही. ती शाळेत पहिली आलेली होती. पुढे शिकायचं होतं, पण लग्न झालं. घरात तिच्या नावावर काही नव्हतं. मूळप्रत तिच्याशी बोलायचा तो टिपणी लिहिल्यासारखा. ‘भाजीत मीठ अधिक. दखल घ्यावी.’ हा विनोद नव्हे. तो खरंच असं बोलायचा. रस्त्याने जाताना तो दहा पावलं पुढे आणि ती पिशव्या घेऊन मागे, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता होता. तिने त्यातल्या कशालाही कधी मोठ्याने नाव ठेवलं नाही, आणि न ठेवलेल्या नावांचा हिशेब मागायची या माणसाला कधी गरज वाटली नाही.

मग तो निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी त्याला एक स्मार्टफोन दिला. प्रेमाने दिला म्हणावं तर तसं नव्हतं. घरी बसून याला काहीतरी चाळा असावा, नाहीतर हा रोज कचेरीत येऊन बसेल, ही भीती जास्त होती. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात ती काचेची फट हातभर वर करून घेतली. ही बातमी कळली त्या दिवशी मूळप्रत जेवला नाही.

फोन तीन महिने खोक्यात पडून होता. मूळप्रत म्हणायचा, “पडद्यावर दिसतं त्याला पुरावा म्हणत नाहीत.” पुढे जावई रजेवर आला. जावई मालवाहू जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. माणूस साधा. त्याने सासऱ्याला फोन उघडून दाखवला आणि सहज म्हणाला, “बाबा, आता प्रवासाला कागद बाळगायची गरजच नाही. ओळखपत्र, तिकीट, सगळं या एका ॲपमध्ये ठेवायचं. विमानतळावर नुसतं यंत्राला दाखवायचं, दार उघडतं.”

“आणि काही चुकलं असेल तर?” मूळप्रतने विचारलं.

“तर उघडत नाही.”

“विनवण्या केल्या तरी?”

“यंत्राला कसल्या विनवण्या करणार?” जावई हसून म्हणाला.

मूळप्रतच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. अडतीस वर्षं तो जे व्हायचा प्रयत्न करत होता, ते कोणीतरी बनवून ठेवलं होतं. त्या यंत्राला रडणाऱ्यांची कटकट नव्हती, जेवायची सुट्टी लागत नव्हती, आणि वरिष्ठांचे फोन येत नव्हते. त्या दिवसापासून जो माणूस कागदावाचून पाणी पीत नव्हता, तो कागदाचा वैरी झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळला नव्हता, नुसता रंगवून घेतला होता.

न्हाव्याच्या दुकानात, बागेतल्या बाकावर, बँकेच्या रांगेत, जिथे चार माणसं सापडतील तिथे तो फोन काढून व्याख्यान द्यायला लागला. “तुम्ही लोक अजून कागद घेऊन हिंडता?” असं तो ज्यांना विचारायचा, त्यातल्या निम्म्यांना कधीकाळी त्यानेच कागदांसाठी पळवलेलं होतं. न्हाव्याने एकदा वस्तरा थांबवून विचारलं, “आणि साहेब, बॅटरी संपली तर?” मूळप्रत म्हणाला, “ज्याची बॅटरी संपते त्याची लायकीच नसते.” न्हाव्याने आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि काम उरकलं. गळ्याशी वस्तरा धरून ऐकून घेतलं, हा त्या न्हाव्याचा मोठेपणा.

एका रविवारी त्याने घरातले सगळे कागद बाहेर काढले. जन्माचे दाखले, ओळखपत्रं, लग्नाची नोंद, घराची पावती, एकेकाचा फोटो काढून त्याने फोनमध्ये चढवला. तिथवर ठीक होतं. पण कचेरीत एक नियम होता, की नोंदवहीत नोंद झाली की मूळ अर्ज नष्ट करावा, नाहीतर एकाच गोष्टीचे दोन पुरावे होतात. तो नियम अर्जांसाठी होता. याने तो घराला लावला. पलंगावर बसून तो प्रत्येक कागदाचे चार तुकडे करत गेला, ओळखपत्रं कात्रीने कापत गेला, आणि काय काय नष्ट केलं याची यादी फोनमध्ये करत गेला. यादी मात्र सुबक होती, तारखेसकट.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, माझा शाळेचा दाखला तेवढा राहू द्या.”

“फोटो काढलाय ना. तोच आहे तो.”

“तो नाही तो.”

“भावनेला फाइलमध्ये रकाना नसतो,” असं म्हणून त्याने दाखला फाडला. त्यावर तिचं माहेरचं नाव होतं आणि समोर पहिला क्रमांक लिहिलेला होता. ती आत गेली, आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. मूळप्रतने यादीत पुढचा आकडा घातला.

हे सगळं झालं त्यानंतर पाचेक महिन्यांनी लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात, विमानाने दोन तास, बसने वीस. आठवा संपून नववा लागला होता. जहाज समुद्रात, जावयाची सुटका पुढच्या महिन्यात, सासू कधीच गेलेली. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला उठायचं नाही, एकटं राहायचं नाही असं बजावलं होतं. पोरगी रडणारी नव्हती, पण त्या दिवशी फोनवर तिचा आवाज कापत होता. ती म्हणाली, “बाबा, आईला पाठवा. होईल तितक्या लवकर. आई असली की मला काही वाटणार नाही.”

तिने आईला मागितलं होतं. मूळप्रतने फोन ठेवला आणि जाहीर केलं, “आम्ही दोघं येतोय.” त्याला विमानतळावरचं ते दार उघडताना बघायचं होतं. लेकीचं बाळंतपण हे त्याला मिळालेलं निमित्त होतं. अशा माणसाबद्दल बरं बोलावं असं आपल्याला कोणी शिकवलेलं असलं, तरी जमत नाही.

तिकीट काढायला तो बैठकीच्या टेबलाशी बसला. बायको उभ्या उभ्या म्हणाली, “मला माझं माझं तिकीट द्या हं, कागदावर. माझ्याजवळ असू दे.”

“तुझं तिकीट माझ्या फोनमध्ये राहील.”

“मग मलाही तसला फोन—”

“तुला काय करायचाय? माझ्याबरोबरच असणार ना तू?”

पडद्यावर चौकटी आल्या. पहिलं नाव, आडनाव. स्वतःचं त्याने बिनचूक भरलं. मग बायकोचं भरायला घेतलं आणि बोट थांबलं. विवाहित बाईचं नाव ‘सौ.’ लावल्याशिवाय लिहिणं म्हणजे अपुरा अर्ज. अडतीस वर्षांत ‘सौ.’ राहून गेलं म्हणून त्याने किती बायकांना रांगेत परत उभं केलं, त्याची गणती नाही. त्यासाठी वेगळी चौकट होती, पण तिच्यात याला पटेल असा पर्याय नव्हता. तेव्हा त्याने पहिल्या नावाच्या चौकटीतच आधी ‘सौ’ टाइप केलं आणि त्याला चिकटून तिचं नाव. टिंब काही यंत्र घेईना. “यंत्रालाही शिस्त लावावी लागते,” तो म्हणाला. यंत्राने शांतपणे ती बाई कोणी सौ नावाची आहे अशी नोंद करून घेतली.

मग ॲपने तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव ताडून पाहिलं. मूळप्रतच्या नावापुढे हिरवी खूण आली. बायकोच्या नावापुढे पिवळं वर्तुळ आलं आणि खाली शब्द आला: पडताळणी प्रलंबित.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता, कोणाला तरी फोन केला असता. मूळप्रत घाबरला नाही. उलट त्याला घरी आल्यासारखं वाटलं. प्रलंबित हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात ओळखीचा शब्द होता. त्याच्या टेबलावर सगळंच प्रलंबित असायचं, वर्षानुवर्षं असायचं, आणि त्यामुळे कधी कोणाचं वाकडं झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. ज्यांचं झालं ते काचेच्या पलीकडे होते. बायकोने विचारलं, “माझं पिवळं का?” तो म्हणाला, “चालू आहे प्रक्रिया. तुला नाही कळायचं.”

आणखी दोन दिवस वर्तुळ पिवळंच राहिलं. तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो चिडला. म्हणाला, “प्रलंबित म्हणजे नाही असं नव्हे.” ज्या वाक्यावर त्याने अर्ध्या शहराला झुलवलं होतं, ते त्याला स्वतःला खरं वाटत होतं, हा एक नवाच शोध म्हणायचा.

विमानतळावर ते सकाळी आठला पोचले. तो पुढे, रिकाम्या हाताने, फोन छातीशी धरून. ती मागे, दोन पिशव्या घेऊन. एका पिशवीत बाळाची दुपटी होती, आपल्याच जुन्या सुती साड्यांची तिने रात्रंदिवस बसून शिवलेली. दुसऱ्या रांगेत एक म्हातारं जोडपं कागदाची तिकिटं घेऊन उभं होतं, तिथे शिपाई एकेक कागद हातात घेऊन बघत होता. मूळप्रतने त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं आणि काचेच्या दारांशी गेला.

दारं छातीइतक्या उंचीची होती. त्याने फोन उघडला, आपलं पान काढलं, यंत्रावर धरलं. टिंग वाजलं. दार उघडलं. तो आत गेला आणि त्याच्या मागे दार मिटलं. असा तो आत उभा राहिला, आयुष्यातला पहिलाच पहिल्या खेपेचा कागद पास झाल्याच्या आनंदात, आणि दोन-चार पावलं चाललाही. मग त्याला कोणीतरी हाक मारतंय असं वाटलं.

“अहो.”

बायको काचेपलीकडे होती. तिचं तिकीट त्याच्या फोनमध्ये होतं, आणि फोन त्याच्या हातात, दाराच्या आत. एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती. कशी येणार? मागून येणाऱ्याचं काय होतं याचा विचार त्याने कधी केलाच नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण इथे बैलाच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

त्याने काचेवरून हात लांब करून फोन तिच्या बाजूच्या यंत्रावर धरला. यंत्र लाल झालं. पुन्हा धरला, पुन्हा लाल. मागची रांग कुरकुरायला लागली. शेजारच्या टेबलावरची गणवेशातली मुलगी उठून आली. चेहऱ्याने गोड होती आणि घाईत नव्हती. तिने फोन घेतला, पाहिला, बायकोकडे पाहिलं.

“काकू, तुमचं नाव सौ आहे?”

“नाही गं. ते ह्यांनी लावलंय.”

“मग तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही. पण हरकत नाही, मी दोन मिनिटांत दुरुस्त करते. फक्त मूळ ओळखपत्र द्या.”

“हे काय, फोनमध्ये आहे,” मूळप्रत आतून म्हणाला.

“आत जायला ते चालतं काका. नाव बदलायला नाही चालत. त्याला मूळ प्रतच लागते.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो आता काय करतो, हे तिला बघायचं होतं. तोंड लपवेल, चिडेल, मुलीच्या हातापाया पडेल, नाहीतर निदान एकदा तरी म्हणेल की माझं चुकलं. यातलं काहीच झालं नाही. मूळप्रतने मान डोलावली. त्याला त्या मुलीचं म्हणणं मनापासून पटलं होतं. चेहऱ्यावर चक्क समाधान होतं, जसं आपल्या हाताखाली तयार झालेल्या कारकुनाचं काम बघून व्हावं. तो बायकोला म्हणाला, “बरोबर बोलतेय ती. मूळ प्रत लागतेच.”

“ती तुम्ही कापलीत.”

“त्या वेळी आवश्यकता नव्हती.”

मुलीने इलाज शोधायचा प्रयत्न केला. तिने वरिष्ठांना फोन लावला, मग पुन्हा लावला. नाही म्हणाले. विमानाला पन्नास मिनिटं होती. बायको काचेला टेकून म्हणाली, “बाळ, ह्यांच्या जागी मला नाही का जाता येणार? माझी लेक एकटी आहे. तिला माझी गरज आहे, ह्यांची नाही.” मुलगी कसनुशी झाली आणि नाही म्हणाली.

“मग तुम्ही बाहेर या,” बायको नवऱ्याला म्हणाली. “बस मिळेल. दोघं बसने जाऊ.”

मूळप्रतने मुलीला विचारलं, “बाहेर आलो तर माझ्या पडताळणीचं काय होतं?”

“ती रद्द होते काका. नोंदच जाते.”

त्याने मुलीकडून फोन परत घेतला. हातातल्या हिरव्या खुणेकडे त्याने एकवार बघितलं. “बसचा काय भरवसा,” तो म्हणाला. “तिथे अजून कागदावर तिकीट देतात. आणि दूरच्या बसला ओळखपत्र लागतं, ते तुझ्याकडे नाही, म्हणजे तिथेही अडणारच. माझं सगळं पूर्ण आहे, ते वाया कशाला घालवायचं? तू घरी जा. मी पोचलो की कळवतो.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षांत तिला त्याचा राग आला होता, कीव आली होती, कंटाळा तर रोजचाच होता. आज जे आलं ते नवं होतं आणि त्याला पुष्कळ जागा लागत होती. रस्त्यात पडलेल्या कुठल्यातरी घाणीला वळसा घालावा तशी ती त्याच्यापासून वळली. पिशव्या उचलल्या आणि चालू लागली. ती दुपट्यांची पिशवी काचेवरून त्याच्याकडे देता आली असती, पण तिने दिली नाही.

मूळप्रत विमानात खिडकीशी बसला आणि त्याने ॲपला पाच तारे दिले.

लेकीने दार उघडलं तेव्हा दुपार होती. एक हात भिंतीला, पाय सुजलेले, तोंडावर तेज नाही. तिने बापाकडे पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघत ती म्हणाली, “आई हळूहळू येतेय का?”

“तुझ्या आईची पडताळणी प्रलंबित आहे,” मूळप्रत म्हणाला, आणि आत येऊन त्याने सगळं क्रमवार सांगितलं. स्वतःचं दार कसं उघडलं तेही सांगितलं. ती उभीच होती. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “बाबा, मग तुम्ही का आलात?”

प्रश्न खोचक नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. त्याने चहा मागितला. आणि ती पोर, जिला उठायचं नाही असं बजावलं होतं, ती ओट्याशी गेली आणि तिने चहा केला. तो प्यायला. साखर कमी आहे असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवस भरायच्या आधीच, तिला कळा सुरू झाल्या. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी शाळेत रजा कळवली, गाडी काढली, तिला धरून खाली आणलं. मूळप्रत पुढे चालत होता. दवाखान्यात नर्सने विचारलं, “बरोबर बाईमाणूस कोण आहे घरचं?” तो म्हणाला, “मी वडील आहे,” आणि पुरावा दाखवायला फोन काढला. नर्सने त्याच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि म्हणाली, “तो ठेवा खिशात. तुम्हाला आत नाही येता येणार, तिकडे बाकावर बसा.” शिक्षिकाबाई आत गेल्या. दार बंद झालं. आतून लेकीचा आवाज आला, मोठ्याने, एकदा नव्हे, तीनदा. ती आईला हाक मारत होती. मूळप्रत बाकावर बसला. बाकासमोर भिंत होती. बापाने अशा वेळी निदान उठून येरझाऱ्या तरी घालाव्यात, पण तो घड्याळ बघत बसला.

अकरा वाजता जिन्यावर पावलं वाजली. बायको वर आली. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, साडीला बसच्या बाकाची धूळ, आणि दोन्ही पिशव्या हातात. लेकीच्या दाराला कुलूप बघून तिने खालच्या रखवालदाराला दवाखान्याचं नाव विचारून घेतलं होतं.

मूळप्रत उठला. तिला बघून त्याला आनंद झाला नाही, आधी आश्चर्य वाटलं, आणि मग संशय आला.

“तू आलीस कशी?”

“बसने. तिचं कुठवर आलंय?”

“वेळ आहे अजून, म्हणतात. पण त्या बसला ओळखपत्र लागतं. मला पक्कं माहीत आहे.”

“हो. मागितलं त्याने.”

“मग काय दाखवलंस?”

“काही नव्हतंच दाखवायला. लेक एकटी आहे, अवघडलेली आहे, मला जायला हवं, एवढं सांगितलं.”

“आणि त्याने तिकीट दिलं?”

“दिलं.”

“असं कसं दिलं?” मूळप्रतचा आवाज चढला, कारण हे त्याला खरोखरच अन्याय्य वाटत होतं. “कशाच्या आधारावर दिलं? समोरची बाई खरं बोलतेय कशावरून? कुठला नियम?”

बायको आतल्या दाराकडे निघाली होती. ती थांबली, पण वळली नाही.

“खिडकीत माणूस बसला होता,” ती म्हणाली, आणि पिशव्या घेऊन आत गेली.